पाच फूट नऊ इंचांचा इम्पोर्ट

आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वाराची उंची सात फूट आहे. श्री. ऑल्विन तुस्कानो यांची उंची पाच फूट नऊ इंच आहे. ही वजाबाकी चौथीतला कोणताही विद्यार्थी करू शकेल. उत्तर सव्वा फूट येते. एवढी मोकळी जागा डोक्यावर असताना माणसाने दारात वाकण्याचे काही कारण नाही. परंतु तुस्कानो वाकतात. दारापासून दोन पावलांवर ते मान खाली घालतात, खांदे आखडून घेतात, एक हात उंचावून चौकट चाचपतात आणि पलीकडे सुखरूप पोहोचल्यावर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, "सांभाळा हं! दार लहान आहे!"

ही केवळ आमच्या दाराची गोष्ट असती, तर मी ती लिहायला घेतली नसती. ते लिफ्टमध्ये शिरताना वाकतात. मेट्रोच्या डब्यात शिरताना वाकतात. चर्चच्या ज्या दारातून उंटावर बसलेला माणूस झेंडा घेऊन आत जाऊ शकेल, त्या दारातही वाकतात. मॉलची दारे तर आपोआप सरकतात आणि त्यांना वरची चौकट जवळजवळ नसतेच. तिथे ते काचेला मान देऊन आत जातात. मी शाळेत भूमिती शिकवते. दोन वर्षे रोज सकाळी माझ्या विषयाचा हा अपमान मी उघड्या डोळ्यांनी पाहत आले आहे.

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, चायना क्लस्टरमधल्या आमच्या इमारतीत, तुस्कानोंचे घर आमच्या समोर आहे. ते मूळचे वसईचे. पत्नी ग्लोरिया एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करतात. मुलगी रेनिटा आमच्या शाळेत नववीत आहे आणि मी तिची वर्गशिक्षिका आहे. तुस्कानो स्वतः उम्म अल कुवैनच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांना कामावर जाताना शाळा वाटेत लागते, म्हणून मी आणि रेनिटा त्यांच्याच गाडीतून जातो. पुढच्या सीटवर मी, मागे, वडिलांच्या पाठीमागे, रेनिटा. 'सुपरवायझर' ही माहिती मात्र मला कंपनीच्या बिल्ल्यावरून मिळाली. पहिल्या भेटीत त्यांनी स्वतःची ओळख वेगळी करून दिली होती.

"मी प्रोफेशनल, टीचर."

"कोणत्या क्षेत्रात?"

"बास्केटबॉल."

शिक्षकाने कोणत्याही चर्चेत प्रथम व्याख्या निश्चित करून घ्यावी. मी विचारले, "व्यावसायिक खेळाडू म्हणजे ज्याला केवळ खेळण्यासाठी वेतन मिळते तो. तुम्हाला वेतन कशाचे मिळत होते?"

"गोदामाचं," ते बिनदिक्कत म्हणाले. "पण मला सांगा, व्हिसा कोणामुळे लागला? बॉलमुळे. मग? खलास!"

'खलास' हा अरबी शब्द इथे सर्वच जण 'विषय संपला' या अर्थी वापरतात. तुस्कानो तो विशेषतः पुरावा संपल्यावर वापरतात.

त्यांची कारकीर्द मी गाडीत इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यावर प्रश्नपत्रिका काढू शकेन. वसईतल्या त्यांच्या वाडीत, चर्चच्या मैदानाकडेला एक चिंचेचे झाड होते. पंपदुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थाने सळई वाकवून केलेली रिंग त्या झाडाला ठोकलेली होती. ती गोल करण्याचा त्यांचा हेतू होता, पण ती अंडाकृती झाली. "त्याच्यामुळेच तर मी घडलो," तुस्कानो सांगतात. "नंतर जी जी रिंग आयुष्यात आली ती मला समुद्राएवढी वाटली." या गुणावर मुंबईच्या एका कॉलेजाने त्यांना खेळाच्या कोट्यातून वाणिज्य शाखेत प्रवेश दिला. कॉलेज त्यांच्यामुळे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकत राहिले आणि ते कॉलेजमुळे पुनर्परीक्षा देत राहिले. मैदानाभोवतीच्या गॅलऱ्यांतून मुली 'ऑल्वी, ऑल्वी' असा घोष करीत, असेही त्यांच्या निवेदनात येते.

याबाबत ग्लोरियाबाईंची साक्ष उपलब्ध आहे. "मी त्याच कॉलेजात होते, टीचर. मुली समोरच्या सँडविचवाल्याकडे बघायच्या. मैदान मध्ये यायचं."

"आणि तू कोणाकडे बघायचीस?" तुस्कानोंनी विचारले.

"सँडविचकडे."

खेळाडू म्हणून त्यांचे वैशिष्ट्य हे, की ते स्वतः बास्केट फारसे करीत नसत. इतरांकडून करवून घेत. या कलेचे त्यांनी एक शास्त्र बनवले असून ते सिग्नल लागला की मला शिकवले जाते. "बघा टीचर. बॉल घेऊन सरळ आत घुसायचं. समोरच्या पाचही जणांना वाटलं पाहिजे, हा येडा आता मारणार. सगळे अंगावर येऊ द्यायचे. धक्के खायचे. पब्लिकपण आपल्यालाच बघते. आणि मग बॉल हळूच मोकळ्या माणसाला! त्याच्याकडे कोणाचं लक्षच नसतं. तो आरामात टाकतो. म्हणून काय करायचं? आधी सगळ्यांना आपल्यावर ओढायचं!"

हे अखेरचे वाक्य त्यांचे जीवनसूत्र आहे. त्याचा उपयोग मी महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहभोजनात पाहिला. बासुंदीच्या काउंटरसमोर उभे राहून तुस्कानो मोठ्याने विचारत होते की, बासुंदीत बदाम घातलेत की बदामाचा नुसता आशीर्वाद. स्वयंसेवक धावून आले, कार्यवाह आले, रांग विस्कळीत झाली, चर्चा पेटली. ती शांत होईपर्यंत ग्लोरियाबाई आणि रेनिटा भरलेल्या वाट्या घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. "पाहिलंत?" येताना ते माझ्या कानाशी म्हणाले. "मोकळा माणूस."

आता त्यांच्या 'प्रोफेशनल' होण्याचा प्रसंग. संयुक्त अरब अमिरातीत फिलिपिनो लोकांची वस्ती मोठी आहे आणि आपल्याला जसे क्रिकेट, तसे त्यांना बास्केटबॉल. सुट्टीच्या दिवशी शाळांचे हॉल भाड्याने घेऊन त्यांच्या कंपन्यांचे सामने चालतात. त्यांच्या काही स्पर्धांत प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो. त्याला 'इम्पोर्ट' म्हणतात. हा इम्पोर्ट साधारणपणे साडेसहा फुटांचा असावा आणि त्याने नुसता हात वर केला तरी प्रतिपक्षावर सावली पडावी, अशी अपेक्षा असते. उम्म अल कुवैनच्या त्या कंपनीत रेयेस नावाचे फिलिपिनो व्यवस्थापक होते. त्यांना असा इम्पोर्ट हवा होता. वसईच्याच एका कर्मचाऱ्याने ऑल्विनच्या कॉलेजच्या संघाचा फोटो दाखवला. फोटोत ऑल्विन इतरांपेक्षा हातभर उंच दिसत होते, कारण ते मागच्या रांगेत बाकावर उभे होते. बाक फोटोत दिसत नव्हता. रेयेससाहेबांनी व्हिसा काढला.

"एअरपोर्टवर आले ना ते," तुस्कानो सांगतात, "माझ्याशी हात मिळवला आणि माझ्या मागे बघायला लागले. मला वाटलं, सामान शोधतायत. मग विचारलं, 'व्हेअर इज द बिग गाय?' मी म्हटलं, 'सर, आय ॲम द बिग गाय.'"

व्हिसा लागून गेला होता. परत पाठवणे महाग होते. पाच फूट नऊ इंचांचा इम्पोर्ट मैदानात उतरला. ज्या देशात कांदे, दूध, वाळवंटात लावायची झाडे आणि ती लावणारी माणसे सगळेच बाहेरून येते, तिथे आणखी एक फसलेली आयात सहज खपून गेली. तुस्कानो तिथे बऱ्यापैकी खेळले असावेत, कारण त्यांना कोणी परत पाठवले नाही. पुढे रेयेससाहेब नोकरी बदलून गेले आणि नवे व्यवस्थापक भारतीय आले. त्यांनी बास्केटबॉल बंद करून क्रिकेटचा संघ काढला. कारकीर्द संपली.

"आणि हे दारात वाकणं?" मी एकदा विचारले होते.

"ते रेयेससाहेबांनीच शिकवलं. म्हणाले, इम्पोर्ट आहेस ना, मग उंच माणसासारखा चाल. तेव्हापासून सवय आहे, टीचर. प्रोफेशनल सवय."

मला हे स्पष्टीकरण पूर्णपणे पटले. मनुष्य ज्या गुणाने कमी असतो, त्याचीच सवय अधिक जोपासतो. ग्लोरियाबाईंनी मात्र एकदा जिन्यात वेगळेच सांगितले होते. "लग्नात सरळ चालत होता हो. हे खूळ या बिल्डिंगमध्ये आल्यावर लागलं. म्हणे डोकं आपटेल! आत काही असेल तर आवाज येईल ना?" मी ते वाक्य विनोद म्हणून लक्षात ठेवले, विधान म्हणून तपासले नाही.

आणखी एक खूळ गाडीतले. तुस्कानो आपली सीट इतकी पुढे ओढून बसतात की स्टिअरिंग त्यांच्या छातीला टेकते आणि गुडघे डॅशबोर्डला. हॉर्न पुष्कळदा पोटाने वाजतो. मी त्यांना हाताची लांबी आणि कोपराचा कोन समजावून सांगितला. "प्रोफेशनल पोझिशन, टीचर," ते म्हणाले, "कंट्रोल राहतो," आणि पोटाने हॉर्न वाजवला.

उंचीचा विषय निघालाच आहे, तर रेनिटाविषयी लिहिणे भाग आहे. आम्ही या इमारतीत आलो तेव्हा ती सातवीत होती आणि वडिलांच्या बरोबरीला आली होती. त्यानंतर ती थांबली नाही. आज ती सहा फुटांच्या वर आहे. ही देणगी ग्लोरियाबाईंच्या माहेरची. चौदा वर्षांच्या मुलीला ही देणगी नको होती. ती वर्गात शेवटच्या बाकावर बाकाएवढीच होऊन बसते, मैत्रिणींच्या फोटोत गुडघे वाकवते, आणि चालताना तिच्या पाठीचा जो कंस होतो त्याची त्रिज्या दर महिन्याला कमी होत आहे. वर्गातली मुले तिला 'बुर्ज' म्हणतात. मी मुलांना शिक्षा केली आणि तिला सांगितले, "रेनिटा, ताठ बस." ती "येस, मॅम" म्हणाली आणि आणखी वाकली.

या वर्षी शाळेने मुलींचा बास्केटबॉल संघ उभा करायचे ठरवले आणि प्रशिक्षक म्हणून तेच रेयेससाहेब आले. त्यांनी रेनिटाला मधल्या सुट्टीत पाहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, एअरपोर्टवर राहून गेलेला आनंद अनेक वर्षांनी उमटला. मुलीने नकार दिला. गाडीत मी तिची समजूत काढू लागले तेव्हा ती इंग्रजीत म्हणाली, "मॅम, आय'म नॉट अ लॅम्प पोस्ट. एव्हरीवन विल स्टेअर." तुस्कानो काहीच बोलले नाहीत. बास्केटबॉलचा विषय असून ते गप्प राहिल्याचा हा एकमेव प्रसंग.

तिला खेळायचे नव्हते असे नाही. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये कोणी नसताना ती वडिलांशी बॉलची देवाणघेवाण करते, हे मी खिडकीतून पाहिले आहे. तिच्या हातात बॉल आला की तो थांबत नाही, आणि तिच्या पाठीला तेव्हा कंस नसतो. एखादी गाडी वळली की बॉल वडिलांकडे जातो आणि कंस परत येतो. तिला खेळायचे होते. तिला दिसायचे नव्हते. दुर्दैवाने हा खेळ न दिसता खेळता येत नाही.

दिसण्याची किंमत काय असते, ते जोगकाकूंनी दाखवून दिले. जोगकाकू तळमजल्यावर राहतात आणि ये-जा करणाऱ्या प्रत्येकाची मोजदाद ठेवतात. हळदीकुंकवाला सगळा महिलावर्ग त्यांच्याकडे जमला होता; ग्लोरियाबाई आणि रेनिटाही आल्या होत्या. दारात रेनिटाला पाहताच काकू म्हणाल्या, "अगंबाई! अजून वाढतेच आहे का ही? ग्लोरिया, हिच्यासाठी मुलगा इम्पोर्ट करावा लागेल हो!" बायका हसल्या. रेनिटाचा चेहरा असा झाला की आता ही मुलगी वळून निघून जाणार, आणि पुन्हा कुणाच्या घरी येणार नाही. तेवढ्यात त्यांना सोडायला आलेले तुस्कानो मागून पुढे घुसले, नेहमीप्रमाणे वाकले आणि या वेळी त्यांनी अंदाज चुकवला. अर्धवट उघड्या दाराच्या कडेवर त्यांचे कपाळ खाड्कन आपटले.

"जोगकाकू! दार लहान आहे तुमचं! प्रोफेशनल माणसाची विकेट काढली!"

मग काय! बर्फ आणा, हळद आणा, कोणी म्हणाले हळद कुंकवाच्या करंड्याशेजारीच आहे. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. "पाच फूट नऊ इंच, आणि थाट बघा!" जोगकाकू डोळे पुसत म्हणाल्या. मुलांनी जिन्यात त्यांची नक्कल सुरू केली, ती आजही चालू आहे. मीही घरी येऊन यजमानांना तो प्रसंग साभिनय करून दाखवला. रेनिटा त्या गर्दीत केव्हा आत येऊन बसली, ते कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही.

निवड चाचणी शनिवारी सकाळी होती. शाळेचा हॉल पालकांनी आणि मुलांनी भरला होता. रेनिटाने येण्याचे कबूल केले होते, पण आदल्या दिवशी ग्लोरियाबाईंनी मला बजावले होते, "दारातून परत फिरली तर आश्चर्य मानू नका, टीचर. आणि उद्या फिरली तर मग ती बॉलला हात लावायची नाही." त्या स्वतः ड्यूटीवर होत्या. मी रेयेससाहेबांच्या शेजारी उभी राहून दाराकडे पाहत होते. त्यांनी त्या मुलीची जागा रिकामी ठेवली होती.

हॉलचे दार दुहेरी आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात त्यातून आख्खा किल्ला आत आणतात. ते उघडले. प्रथम तुस्कानो दिसले. ते वाकले, आणि आजवर मी पाहिलेल्या सर्व वाकण्यांहून अधिक वाकले. गुडघे मुडपून, हात डोक्यावर धरून, जणू छत उतरत आहे अशा थाटात ते आत आले, आणि सबंध हॉलला ऐकू जाईल असे ओरडले, "हबीबी! दार लहान आहे!"

हॉल हशाने दणाणला. मुलांनी बाकांवर पाय आपटले. पालक हसले, शिपाई हसला. मी लाजेने रेयेससाहेबांकडे वळले.

रेयेससाहेब हसत नव्हते. त्यांनी मला इंग्रजीत विचारले, "हे काय करतोय तो?"

"तुम्हीच शिकवलेत ना? इम्पोर्टने उंच माणसासारखे चालावे म्हणून?"

"मी सांगितलं होतं, मॅडम. हात जोडून सांगितलं होतं. तो एकदाही वाकला नाही. 'नो सर, आय ॲम फाइव्ह नाइन, आय वॉक फाइव्ह नाइन.' आमच्याकडे असेपर्यंत कधीच नाही."

एखादी सिद्धता अनेक दिवस चुकीच्या पायरीवर उभी असते. ती पायरी काढली की उरलेल्या पायऱ्या आपोआप आपल्या जागी जातात. मी तुस्कानोंवरची नजर काढली. हॉलमध्ये तेव्हा ती माझी एकटीचीच निघाली असावी. दाराच्या दुसऱ्या बाजूने, भिंतीलगत, रेनिटा आत येत होती. तिच्याकडे कोणीही पाहत नव्हते. ती वाकलेली नव्हती. सहा फुटांहून उंच अशी ती मुलगी, तिची जेवढी उंची आहे तेवढीच उंच होऊन, शांतपणे बाकापर्यंत चालत गेली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि जमिनीवरचा एक बॉल उचलला. दारात तिचे वडील अजून छताशी झटत होते आणि मधूनच काखेखालून तिच्याकडे बघत होते.

हॉलचे हसू ओसरले आणि लोकांचे तिच्याकडे लक्ष गेले, तोवर बॉल रिंगेतून खाली आला होता. नंतरही लोक तिच्याकडेच पाहत राहिले. पण ते पाहणे वेगळे होते, आणि तिला ते कळले असावे, कारण कंस परत आला नाही.

निवड झाली. संघाचा सराव लगेच सुरू होणार होता आणि रेनिटा नंतर शाळेच्या बसने येणार होती. परतताना गाडीत मी आणि तुस्कानो दोघेच होतो. गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी सीटखाली हात घातला, सीट सरकन मागे नेली, पाय लांब केले आणि "हाश्श" म्हणाले. मागे, जिथे रेनिटाचे गुडघे असतात, ती जागा आता उरली नव्हती.

वाटेत ते तिच्या हाताच्या कोनाविषयी बोलत राहिले. मी कोणतीही दुरुस्ती सुचवली नाही.

इंटरनॅशनल सिटीत उन्हाने सगळे सामसूम होते. जोगकाकूंचा पडदा ओढलेला होता, जिन्यात मुले नव्हती. तुस्कानो माझ्यापुढे चालत होते. थकलेला माणूस आपल्या घरात शिरतो तसे ते त्या सात फुटी दारातून आत शिरले, मान वर, खांदे सैल. डोक्यावर सव्वा फूट जागा होती. पलीकडे गेल्यावर त्यांना आपण काय केले ते कळले असावे. ते थांबले आणि त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. मी मान खाली घातली, खांदे आखडून घेतले, एक हात चौकटीकडे नेला, तो पोहोचला नाही, आणि वाकून आत आले.

तुस्कानोंनी रिकाम्या जिन्याकडे एकदा पाहिले. मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल इतपत, म्हणाले, "सांभाळा, टीचर. दार लहान आहे."